अध्यक्ष कायमचे अनुपलब्ध

प्राचार्यांना आंघोळीला गरम पाणी मिळत नाही, ही बातमी कॉलेजात पहिल्या तासालाच पसरली, आणि तीसुद्धा खुद्द प्राचार्यांच्या नावाने.

झालं होतं ते असं. वसतिगृहातलं पाणी तापवायचं यंत्र बंद पडलं होतं. त्या कंपनीला चार शब्द सुनवावेत म्हणून रेक्टर कार्यालयातल्या संगणकावर बसले. त्यावर प्राचार्यांची मेल उघडीच होती. ती कायम उघडीच असायची, कारण एकदा बंद केली तर पुन्हा उघडायची कशी, हे कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं. रेक्टरांनी अगदी पोटतिडकीने लिहिलं, 'कित्येक दिवस मी गार पाण्याने आंघोळ करतो आहे. आता माझी सहनशक्ती संपली. उद्यापर्यंत कुणी आलं नाही, तर मी कुठल्याही थराला जाईन.' मग पत्ता निवडताना त्यांचं बोट घसरलं आणि 'सर्व' या शब्दावर पडलं. मजकूर सर्व विद्यार्थ्यांना गेला, सर्व अध्यापकांना गेला, संस्थेच्या सर्व विश्वस्तांनाही गेला. खाली प्राचार्यांचं नाव, पदव्यांसकट.

दुपारपर्यंत प्राचार्यांच्या दाराशी साबणाच्या वड्यांचा ढीग झाला. एका वयोवृद्ध विश्वस्तांचा फोन आला. "आमच्याकडे या. पाणी तापवून ठेवायला सांगितलंय," ते म्हणाले. ते थट्टा करत नव्हते, हे प्राचार्यांना जास्त झोंबलं.

संध्याकाळी सगळ्या अध्यापकांची बैठक झाली. प्राचार्य नुकतेच कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते आणि तिथून एक शब्द घेऊन आले होते. तो वापरायची संधी आता आपणहून चालून आली होती.

"यापुढे या कॉलेजात माहिती तंत्रज्ञानाचं सुशासन असेल," ते म्हणाले. "कुठलं यंत्र कोण वापरणार, कुणी कुणाला परवानगी द्यायची, सगळं ठरलेलं असेल. आणि या सगळ्याला आपण सगळेच जबाबदार असू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणाच्याच गळ्यात काही पडलं नव्हतं, म्हणून सगळे खूश होते. तेवढ्यात तर्कशास्त्राचे सर म्हणाले, "सगळे जबाबदार म्हणजे कुणीच जबाबदार नाही. या विधानाला अर्थ नाही, सर."

सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. काही माणसांना भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली की उठून ती सरळ केल्याशिवाय चैन पडत नाही; सरांचं वाक्यांच्या बाबतीत तसं होतं. घरीही तेच. बायको म्हणायची, "तुम्ही माझं कध्धीच ऐकत नाही," की हे म्हणायचे, "कधीच नाही हे खोटं ठरवायला एक अपवाद पुरतो. गेल्या वर्षी पडद्यांच्या रंगाबाबत मी ऐकलं होतं."

प्राचार्यांनी चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. "मुद्दा बरोबर आहे तुमचा. मग तुम्हीच जबाबदार. सुशासन समितीचे अध्यक्ष."

सरांना संगणकातलं फारसं कळत नव्हतं. पण नियम करायचे आहेत म्हटल्यावर त्यांच्या अंगात उत्साह संचारला. आयुष्यभर ते दुसऱ्यांच्या विधानांतल्या फटी शोधत आले होते. आता एकही फट नसलेलं काहीतरी स्वतः बांधायचं होतं. ते रोज संगणक विभागाच्या बाईंच्या खोलीत जाऊन बसायचे. यंत्रणा बनवायचं काम बाईंकडे होतं. बाई हुशार होत्या, आणि त्यांची जीभ त्याहून तिखट होती.

"प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड," सर सांगत. "तो कुठेही लिहून ठेवायचा नाही. तीनदा चुकला की खातं बंद. बंद खातं तुम्ही उघडायचं, पण अध्यक्षांच्या परवानगीनेच. आणि ती परवानगी यंत्रणेतच आली पाहिजे. तोंडी चालणार नाही, कागदावर चालणार नाही. 'सर हो म्हणाले होते' असं सांगून इथे काय काय झालंय, तुम्हाला माहीत आहे."

"सर, अडीनडीला म्हणून माझ्याकडे मागचं एक दार ठेवते."

"मागचं दार म्हणजे चोराचं दार."

"आणि तुम्हीच बाहेर अडकलात तर?"

"मी कशाला अडकेन? नियम मी केलेत."

बाईंनी मागचं दार बंद करून टाकलं.

अध्यक्ष नसतील तर काय, हाही प्रश्न निघाला. रजेचा विचार करायची गरज नव्हती, कारण सर रजा घेतच नसत. उरल्या दोनच शक्यता. एक तर अध्यक्ष हयात नसतील, नाहीतर काम करण्याजोगे नाहीत असा डॉक्टरांचा दाखला असेल. दोन्हींत अधिकार आपोआप प्राचार्यांकडे जाणार. बाईंनी त्यासाठी दोन बटणं केली होती. सरांनी ती पाहिली आणि कपाळाला आठी घातली.

"दोन्हींचा परिणाम एकच ना? मग बटणं दोन कशाला? एकच करा. 'अध्यक्ष कायमचे अनुपलब्ध'. आणि बदल झाला की सगळ्यांना आपोआप कळलं पाहिजे."

"मजकूर काय घालू?"

"प्रसंगाला शोभेल असा. कार्यालयात तयार असतील, त्यातला एक घ्या."

यंत्रणा सुरू झाली आणि कॉलेज शिस्तीत आलं. म्हणजे दिवसभर सरांच्या दाराशी रांग लागू लागली. प्रयोगशाळेला मापं मागवायची आहेत, द्या परवानगी. क्रीडा विभागाला सामन्यांचं वेळापत्रक बाहेर पाठवायचं आहे, द्या परवानगी. कॉलेजबाहेर जाणारं एक अक्षरही सरांनी मंजूर केल्याशिवाय हलत नव्हतं. सर दमून जायचे, पण आतून सुखावलेले असायचे. घरी बायकोला ते सांगत, "एक भोक सापडणार नाही तुला त्यात."

त्यांची बायको गाडी चालवायला शिकवायची. तिची स्वतःची शाळा होती आणि तिच्या गाडीला तिच्या पायापाशीही एक ब्रेक होता. ती म्हणाली, "शेजारच्या माणसाकडे ब्रेक नसेल, तर मी कुणालाही स्टिअरिंगपाशी बसवत नाही."

"अगं, तुझे विद्यार्थी शिकाऊ असतात."

"आणि तुम्ही?" तिने विचारलं. पण सरांचं लक्ष नव्हतं.

शेवटच्या वर्षाचे गुण विद्यापीठाला पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपायची होती. गुण भरून तयार होते, फक्त अध्यक्षांची मंजुरी बाकी होती. अध्यापकांच्या खोलीत संगणक रिकामा दिसला म्हणून सर त्यावर बसले. त्यांनी पासवर्ड टाकला. पडद्यावर ठिपके उमटले आणि यंत्र म्हणालं, चूक. सरांनी तोच पुन्हा टाकला. यंत्र पुन्हा म्हणालं, चूक.

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. सरांनी मात्र पद्धतशीर विचार केला. पासवर्ड मला माहीत आहे. जो माहीत आहे तोच मी टाकला. म्हणजे टाकलेला बरोबर आहे. बरोबर गोष्ट पुन्हा केल्याने ती चूक होत नाही. त्यांनी एकेक अक्षर ठासून, तोच पासवर्ड तिसऱ्यांदा टाकला. खातं बंद झालं.

"अरेरे!" मागून मराठीचे सर म्हणाले. "कळफलक मराठीवरच राहिला वाटतं. मी आत्ता कविता टाइप करत होतो."

तर्कशास्त्राचे सर धावतच संगणकबाईंकडे गेले.

"बाई, माझं खातं उघडा."

"अध्यक्षांची परवानगी लागेल, सर."

"मीच अध्यक्ष आहे. मी परवानगी देतो."

"तोंडी चालत नाही."

"लिहून देतो."

"कागदावर चालत नाही." बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे नियम चिकटवलेले होते, खाली सरांचीच वळणदार सही होती. "यंत्रणेतून द्या."

"पण यंत्रणेत शिरता यावं म्हणूनच तर परवानगी हवी आहे!"

"हो ना," बाई सहानुभूतीने म्हणाल्या. "तुमच्याच भाषेत या गोल गोल फिरण्याला चक्रापत्ती म्हणतात, नाही का?"

सर खुर्चीत बसले. बाई त्यांचा छळ करत नव्हत्या. त्यांनी स्वतः चार वेगवेगळ्या वाटांनी आत शिरायचा प्रयत्न करून दाखवला. प्रत्येक वाटेच्या टोकाला यंत्रणा अध्यक्षांची परवानगी मागत होती. चौथ्या वेळी, इतक्या संकटातही, सरांना क्षणभर अभिमान वाटला. खरंच एकही भोक नव्हतं.

प्राचार्यांनी विद्यापीठाला फोन लावला. मुदत थोडी वाढवून मिळेल का? पलीकडचे गृहस्थ हळहळले. त्यांचं दार ठरल्या वेळी आपोआप बंद होतं, म्हणाले. त्यांच्याकडेही नुकतंच सुशासन आलं होतं. गुण आले नाहीत तर त्या कॉलेजचा सगळा निकाल राखून ठेवला जाईल.

सर बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात कंडक्टरबाई उभ्या होत्या. त्या खरोखरच बस कंडक्टर होत्या. सकाळचे तास गणवेशातच करायच्या, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसून, म्हणजे तास संपला की थेट डेपो गाठता यावा. तर्कशास्त्रात त्या दोनदा नापास झाल्या होत्या. या खेपेला पास झाल्या आहेत हे सरांना माहीत होतं, पण सांगता येत नव्हतं.

"सर, निकाल वेळेवर लागेल ना? डेपोत कंट्रोलरची जागा निघालीय. पदवी हातात असली तरच मुलाखतीला बोलावणारेत. पुढच्या वेळची वाट बघायची म्हटलं तर माझं वय बसत नाही."

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा एका प्रश्नाला धड 'हो'ही म्हटलं नाही आणि 'नाही'ही. "बघू या," ते पुटपुटले.

"बघू या हे विधान आहे का, सर?" कंडक्टरबाईंनी विचारलं. शिकवलेलं विचारत होत्या बिचाऱ्या. पण सरांना ते चाबकासारखं लागलं.

रात्री जेवताना त्यांनी घडलेलं सांगितलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"मग आता मार्ग काय?"

"एकच आहे. मी मरायला हवं."

"अहो!"

"किंवा मी काम करण्याजोगा नाही असा डॉक्टरांचा दाखला हवा. म्हणजे अधिकार प्राचार्यांकडे जातात."

"मग माझा भाऊ काय उगाच डॉक्टर झालाय?" ती म्हणाली. "सकाळी जा त्याच्याकडे."

मेव्हण्याचा दवाखाना जवळच होता. पण सरांना खोटं बोलता येत नव्हतं, हीच पंचाईत होती.

"काय होतंय भावोजी?"

"काही होत नाही."

"मग दाखला कशाचा देऊ?"

"असमर्थतेचा. पण खोटा देऊ नकोस. मी कुठे असमर्थ आहे का ते नीट तपासून बघ."

मेव्हण्याने हसत हसत त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. यंत्राकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. त्याने पुन्हा मोजलं.

"भावोजी, थट्टा पुरे. घरी जायचं, आडवं व्हायचं, आठवडाभर कॉलेजचं तोंड बघायचं नाही. आणि तो फोन द्या इकडे. माझ्याकडे राहू दे."

"म्हणजे मी खरंच असमर्थ आहे?" सरांनी इतक्या आनंदाने विचारलं की मेव्हण्याने त्यांचं डोकंही तपासून घेतलं.

दाखला लगोलग कॉलेजात पोचला. बाईंनी तो नियमाशी ताडून पाहिला, यंत्रणेत चढवला आणि त्या प्रसंगासाठी असलेलं एकमेव बटण दाबलं. अधिकार प्राचार्यांकडे आले, त्यांनी गुण मंजूर केले, आणि मुदत संपायच्या बऱ्याच आधी ते विद्यापीठात जाऊन पडले. सगळं यथासांग झालं. त्याच क्षणी यंत्रणेने सगळ्यांना आपोआप कळवलंही. सर्व विद्यार्थ्यांना, सर्व अध्यापकांना, सर्व विश्वस्तांना. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे मार्गदर्शक, समितीचे अध्यक्ष आणि तर्कशास्त्राचे व्यासंगी प्राध्यापक आपल्यातून कायमचे निघून गेले. त्यांची पोकळी कधीही भरून येणार नाही. त्यांचा पदभार प्राचार्यांकडे सोपवण्यात आला आहे.'

सर त्या वेळी घरी गाढ झोपले होते. त्यांची बायको एका नवशिक्याला चौकात वळण शिकवत होती. तिचा फोन वाजला. प्राचार्य होते.

"वहिनी, दाखल्याचं मला माहीत होतं हो. पण ते एवढं मनाला लावून घेतील असं वाटलं नव्हतं. किती वाजता गेले?"

"कोण गेले?"

प्राचार्यांनी सांगितलं. नवशिक्याने ते ऐकलं आणि गाडी सरळ दुभाजकाकडे निघाली. तिने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला आणि ती म्हणाली, "शक्य नाही. मी निघाले तेव्हा ते माझ्या वाक्यात चूक काढत होते." तरी नवशिक्याला शेजारी बसवून तिने गाडी स्वतःच घराकडे पळवली.

इकडे दाराची घंटा वाजली. सर लुंगीवरच उठले आणि त्यांनी दार उघडलं. बाहेर रेक्टर आणि हेडक्लार्क पांढरीशुभ्र फुलं घेऊन खाली मान घालून उभे होते.

"वहिनींना धीर द्यायला आलो," रेक्टर जमिनीकडे बघत म्हणाले.

"ती बाहेर गेलीय. बसा."

रेक्टरांनी मान वर केली. हातातली फुलं पायऱ्यांवर पडली. हेडक्लार्क मात्र तक्रारीच्या सुरात म्हणाले, "सर, पण तसं लेखी आलंय."

पाठोपाठ बायको आली. तिने सरांना दंडाला धरून गदागदा हलवलं, रागावली, मग तिथेच पायरीवर बसून रडली आणि रडता रडता हसायला लागली. सरांना फक्त एवढंच सुचलं, "अगं, बातमी खोटी आहे."

"कळलं मला ते!" ती ओरडली.

संध्याकाळपर्यंत माणसं येतच होती. मेल चुकीची होती असं कळवायला प्राचार्यांना दुसरी मेल पाठवायची होती, पण तिला अध्यक्षांची मंजुरी लागत होती, आणि नव्या अध्यक्षांनी म्हणजे प्राचार्यांनी घाबरून आपलाच पासवर्ड दोनदा चुकवला होता. तिसऱ्यांदा हात लावायला ते तयार नव्हते. बायकोने शेवटी सरांना व्हरांड्यात खुर्ची टाकून बसवलं, म्हणजे लोकांना लांबूनच दिसावं आणि चहा तरी वाचावा.

आलेल्या शोकसंदेशांतला एक बायकोने आपल्या फोनवर वाचून दाखवला. 'सर्व माणसे मर्त्य आहेत. सर गेले, म्हणजे सर मर्त्य होते. यावरून सर माणूस होते, असे म्हणता येत नाही, कारण मांजरेही मर्त्य असतात. पण ते माणूस होते हे मला वेगळ्या पुराव्याने माहीत आहे. त्यांनी मला दोनदा नापास केले आणि दोन्ही वेळा चूक कुठे झाली ते बसथांब्यावर उभे राहून समजावले.'

सरांनी फोन हातात घेतला आणि पुन्हा वाचला. "बघ," ते म्हणाले, "एकही चूक नाही." आणि त्यांनी तो तिसऱ्यांदा वाचला. बायकोने दुसरीकडे पाहिलं.

ड्यूटी संपवून कंडक्टरबाई स्वतःच आल्या. फाटकातच थबकल्या. खुर्चीत सर बसले होते.

"म्हणजे युक्तिवाद वैध होता," त्या हळूच म्हणाल्या, "पण आधारविधान खोटं निघालं?"

"अगदी बरोबर," सर म्हणाले. "या, बसा. गुण गेले आहेत विद्यापीठात. आणि आकडा सांगता येत नाही, पण मुलाखतीची तयारी करा."

कंडक्टरबाईंनी डोळे पुसले आणि मग मोकळेपणाने हसल्या. "तुम्ही गेलात तेव्हा मला वाटलं, आता निकाल बाहेर कोण काढणार!"

आठवडा संपल्यावर सर कॉलेजात गेले. आपल्या खोलीच्या दाराशी रांग नाही, हे त्यांना आधी चुकल्यासारखं वाटलं. रांग प्राचार्यांच्या दाराशी होती आणि आतून प्राचार्यांचा वैतागलेला आवाज येत होता. सर खोलीत जाऊन बसले. कुणी आलं नाही. कसली सूचना आली नाही, बैठकीचं बोलावणं आलं नाही. कित्येक महिन्यांनी त्यांनी एक पुस्तक सलग वाचलं. दुपारी तास घेतला, आणि तास संपल्यावर मुलांनी विचारलेल्या शंकांना घड्याळाकडे न बघता उत्तरं दिली.

निघायच्या वेळी संगणकबाई दारात आल्या.

"सर, प्राचार्यांना एकदाचं आत शिरता आलं. परवानगी मिळालीय. एक बटण दाबलं की तुम्ही जिवंत, आणि पुन्हा अध्यक्ष. ते तर हात जोडून बसलेत. दाबू?"

सरांनी पुस्तकात खूण घातली. "बाई, एक विचारतो. यंत्रणेच्या लेखी हयात नसलेल्या माणसाला बैठकीला बोलावता येतं?"

"नाही."

"त्याच्याकडे परवानगी मागता येते?"

"त्याचं खातंच नाही, तर मागणार कुठे?"

"पण त्याला तास घेता येतात."

"त्याबद्दल तुम्ही नियम केलेला नाही, सर."

 सर पुस्तक पुन्हा उघडत म्हणाले, "घाई काय आहे? सुट्टी लागेपर्यंत राहू दे मला असाच."